कारासोर–बोझायगिर रस्ता, एक्केचाळिसावा किलोमीटर

पुरवणी जबाब

बोझायगिर जिल्हा पोलीस ठाणे. दि. ३० जानेवारी २०२३, सोमवार. वेळ सकाळी १०.१५.

नाव : रायखान तेमिरगालियेवा. वय ४३ वर्षे. धंदा : नोकरी, कारासोर धान्य कोठारात ओलावा तपासनीस. राहणार : शाळा रस्ता, इमारत क्र. १२, फ्लॅट क्र. ५, मु. कारासोर, जि. बोझायगिर.

मी वरील ठिकाणी एकटी राहत असून, कोणी बोलावलेले नसताना, आज स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की,

दि. २५ रोजी याच ठाण्यात माझा पहिला जबाब झाला आहे. त्यात दिलेल्या वेळा बरोबर आहेत, पण दोन गोष्टी मी सांगितल्या नव्हत्या आणि एक चुकीची सांगितली होती. त्यासाठी आज आले आहे. साहेबांनी, म्हणजे कॅप्टन जुमाशेव यांनी, पहिल्यापासून सांगा असे म्हटल्यावरून पहिल्यापासून सांगते.

अमानताय तेमिरगालियेव, वय ४७, हा माझा पूर्वीचा नवरा. आमचे लग्न २००२ साली झाले. मेरुयेर्त नावाची एक मुलगी आहे, वय १९, ती कोक्शेताउ शहरात नर्सिंग शिकते. दि. ११ मार्च २०२० रोजी कोर्टातून आमचा घटस्फोट झाला. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने आणि त्याला दुसरीकडे जागा नसल्याने तो मे २०२१ अखेरपर्यंत त्याच फ्लॅटमधील लहान खोलीत राहिला. स्वयंपाकघर एकच होते. फ्रिजमधील वरचा कप्पा माझा, खालचा त्याचा. भांडण, मारहाण असा प्रकार कधी झाला नाही. त्यानंतर तो गावातच मोठा भाऊ कोइशिबाय याच्याकडे राहायला गेला.

बिले सगळी माझ्या नावावर होती. हीटिंग, वीज, पाणी, कचरा, इंटरनेट. त्या चौदा महिन्यांत त्याने काही भरले नाही. मागितले की म्हणायचा, "देतो ना, कुठे पळून चाललोय?" पळून गेला नाही, हे खरे आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरात हीटिंग कंपनीचे शेवटचे पत्र आले. त्यावेळी मी आईची चांदीची दोन कडी विकून थकबाकी भरली. कडी किती रुंद होती, कोणी विकत घेतली, ते दाव्यात लिहिलेले नाही. दाव्यात फक्त बिलांची बेरीज आहे, चार लाख अडतीस हजार नऊशे तेंगे, आणि तिचे निम्मे. दि. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी मी बोझायगिर कोर्टात अमानतायविरुद्ध किरकोळ रकमेचा दावा लावला. सुनावणीची तारीख पडली मंगळवार दि. २४ जानेवारी, सकाळी ११ वाजता, दोघांनी समक्ष हजर राहावे अशी.

दि. २४ रोजी सकाळी ७.५० वाजता मी दुकानासमोरच्या थांब्यावर उभी राहिले. आठची गाडी आली नाही. दुकानदारीण दार किलकिले करून म्हणाली, "आपा, आज काही येत नाही ती. ड्रायव्हरच्या बायकोनं त्याला घराबाहेरच सोडलं नाही. आभाळ बघा जरा." आभाळ खाली आले होते, पण वारा तोवर नव्हता. उणे चोवीस होते.

सव्वाआठच्या सुमारास अमानतायची जुनी हिरवी गाडी आली. तो पुढे गेला आणि मग मागे आला. काच खाली करून म्हणाला,

"या वादीबाई, बसा. प्रतिवादी त्याच बाजूला चाललाय."

मी म्हटले, "मी बसची वाट बघतेय."

"बस येणार नाही. तू पोचली नाहीस तर दावा फेटाळतील, मी पोचलो नाही तर मी हरेन. म्हणजे मी एकटा गेलो तर माझाच फायदा. बस आता, नाहीतर माझं मन फिरेल."

मी पुढच्या सीटवर बसले. मागच्या सीटवर अवजारे, फावडे आणि गाडी ओढायचा दोर होता. त्याने हीटरचे तोंड माझ्याकडे वळवले.

८.२५ ला गावाबाहेरच्या पंपावर त्याने वीस लिटर पेट्रोल घेतले. परत येऊन हात पुढे केला. "चार हजार शंभर. निम्मे दे, नाहीतर मी पण दावा ठोकीन." मी दोन हजारांची नोट आणि पन्नासचे नाणे दिले. त्याने ते घेतले.

आता पहिली गोष्ट, जी मी सांगितली नव्हती.

तो पैसे द्यायला खाली उतरला होता तेव्हा माझ्या फोनवर कोर्टाचा संदेश आला. हवामानामुळे आजची सुनावणी रद्द, पुढची तारीख ७ फेब्रुवारी, वेळ तीच. मी तो पूर्ण वाचला. असा संदेश दोन्ही पक्षांना जातो. पण दाव्यात अमानतायचा जुना नंबर होता, जो त्याने बंद केला होता. नंबर मीच लिहिला होता. नवा माझ्याकडे नव्हता, आणि मी तो मागितलाही नव्हता.

फोन मी खिशात ठेवला. अमानतायला सांगितले नाही.

कारण विचारल्यावरून सांगते की, आम्ही गाडीत बसलो होतो. घटस्फोटानंतर आम्ही एकमेकांशेजारी कधी बसलो नव्हतो. पोचल्यावर सांगू, असे मनात होते. बोझायगिरला कोर्टासमोर एक खानावळ आहे. घटस्फोटाच्या दिवशीसुद्धा आम्ही तिथे लाग्मान खाल्ले होते, कारण बस तीन वाजता होती. ते झणझणीत असते आणि शेवया हाताने ओढलेल्या असतात. आणखी काही कारण होते का, असे विचारले. नाही.

बाविसाव्या किलोमीटरवर रस्ताबंदीचा आडवा खांब आहे. तो वर होता. तिथला माणूस गाडीजवळ आला. वारा सुटला होता आणि रस्त्यावरून बर्फ सापासारखे सरपटत होते. माणूस म्हणाला, "थोड्या वेळात खाली पाडणार आहे. जायचं तर आत्ता जा, नाहीतर घरी जाऊन चहा प्या. मी सांगतो, चहा प्या." नऊ वाजायला पाच मिनिटे कमी होती.

अमानतायने माझ्याकडे बघितले. "बोल वादीबाई. तारीख तुझी आहे."

मी म्हटले, "चल."

पहिल्या जबाबात मी "पुढे जायचे ठरले" असे सांगितले होते. ठरवले मी.

पुढे गाडीत बिलांवरून बोलणे झाले. ते भांडण होते का, असे विचारले. आवाज चढले नव्हते. आठवते तसे सांगते.

तो म्हणाला, "चार महिने मी तेलाच्या विहिरीवर पाळी करत होतो. पश्चिमेला, दोन हजार किलोमीटरवर. त्या चार महिन्यांचं हीटिंग माझ्या माथी का?"

"तू नाहीस हे रेडिएटरला कुठे माहीत होतं? तुझ्या खोलीतला पण तापत होता."

"मग बंद करायचा."

"खोलीला कुलूप होतं."

"किल्ली मीटरच्या डब्यावर ठेवून गेलो होतो."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"रिकामी खोली तापत ठेवली चार महिने," असे मी म्हटले. तो म्हणाला, "रिकामी कुठे? माझी हिवाळी टोपी होती आत. तिला मजा आली असेल." आम्ही दोघे हसलो. मग तो म्हणाला, "आणि इंटरनेट? त्याचा तर मला पासवर्डच माहीत नव्हता. त्याचे निम्मे कसले मागतेस?" पासवर्ड काय होता ते मी सांगितले. मेरुयेर्तची जन्मतारीख. तो म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं."

तिसाव्या किलोमीटरनंतर रस्ता दिसेनासा झाला. अमानताय दार उघडून, खाली बघत बघत, रस्त्याची कड पकडून चालवत होता. परत फिरावे असे त्याने एकदा म्हटले, पण वळायला जागा दिसत नव्हती. ९.५० ला एक्केचाळिसाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ गाडी उजवीकडे घसरून बर्फात रुतली. फावड्याने त्याने अर्धा तास प्रयत्न केला. जेवढे काढत होता तेवढे पुन्हा भरत होते.

११.२० ला ११२ वर फोन लागला. बाईने सांगितले की दुसऱ्या रस्त्यावर प्रवाशांची बस अडकली आहे, बर्फ काढायचे यंत्र आधी तिकडे गेले आहे. गाडी सोडू नका, इंजिन चालू ठेवा आणि धुराची नळी बर्फाने बुजू देऊ नका, बुजली तर धूर आत येऊन झोपेतच जाल. मी "समजलं" म्हटले. त्यानंतर फोन लागला नाही.

पेट्रोल पुरेसे होते. नळी साफ करायला दर वीस-पंचवीस मिनिटांनी अमानताय बाहेर जाई. पहिल्यांदा तो नुसताच गेला आणि परत यायला त्याला फार वेळ लागला. आत आला तेव्हा पापण्यांना बर्फ होते. म्हणाला, "गाडीला हात लावून उभा होतो, शपथेवर सांगतो. दोन पावलं बाजूला झालो आणि गाडी गेली." त्यानंतर तो दोराचे एक टोक दाराच्या मुठीला आणि दुसरे कमरेला बांधून जात असे. दोर सहा मीटरचा होता. गाठ बाहेरून त्याला बसत नव्हती, बोटे आखडत होती, म्हणून ती मी आतूनच बांधून देई. पहिली धरून अशा अकरा खेपा झाल्या. मी म्हटले होते, एकदा मी जाते. तो म्हणाला, "नको. नंतर त्याचं निम्मं मागशील."

माझ्याकडे थर्मासमध्ये दुधाचा चहा आणि डब्यात बाऊरसाकचे कणकेचे गोळे होते, कोर्टात किती वेळ लागेल माहीत नसल्याने रात्रीच तळून ठेवलेले. ते आम्ही खाल्ले. त्याने सात खाल्ले. तो म्हणाला, "कोइशिबायची बायको तळते ते दगड असतात. भावाला सांगू नकोस." त्याने मेरुयेर्तची चौकशी केली. ती त्याला आठवड्यातून दोनदा फोन करते आणि मला एकदा, हे मला तेव्हा कळले. तिला इस्पितळात पहिल्यांदा मेलेला माणूस धुवायला लावले तेव्हा ती रडली, हे तिने त्याला सांगितले होते. मला सांगितले नव्हते. तो म्हणाला, "तू काळजी करशील म्हणून." नंतर मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा त्याचा कोट माझ्या गुडघ्यांवर होता. तो मी त्याला परत दिला आणि त्याने अंगात घातला, हे साहेबांनी मुद्दाम विचारल्यावरून सांगते. मृतदेहावर कोट होता, तोच तो.

आता दुसरी गोष्ट.

२.४० च्या सुमारास, अकराव्या खेपेनंतर, तो हात चोळत म्हणाला, "जज वैतागला असेल. गैरहजर म्हणून तुझा दावा फेकून देतील. फोन लागला की मीच सांगतो त्यांना, वादी-प्रतिवादी एकाच खड्ड्यात आहेत म्हणून."

मी म्हटले, "राहू दे."

"राहू दे कसं? एवढे कागद जमवलेस तू. चौदा महिन्यांच्या पावत्या! मी असतो तर शेगडीत घातल्या असत्या." मग म्हणाला, "हे बघ रायखान. इंटरनेट सोड. बाकी सगळ्याचं निम्मं देतो. तेलाच्या विहिरीचे चार महिने धरून. महिन्याला वीस हजार."

"पंचवीस."

"वीस. भावाच्या घरी राहतो मी, तिथे पण खायला द्यावं लागतं."

"बरं, वीस."

"झालं तर मग. कोर्टात जाऊन हेच सांगू, सही करू, आणि त्या समोरच्या खानावळीत लाग्मान खाऊ. अजून असेल ना ती?"

मी म्हटले, "आज कोर्ट नाहीये, अमानताय."

तो म्हणाला, "म्हणजे?"

"तारीख पुढे गेली. सात फेब्रुवारी. संदेश आलाय."

"आत्ता आला?"

मी होय म्हणू शकले असते. फोन बराच वेळ बंद पडल्यासारखा होता, त्याला ते खरे वाटले असते. मी म्हटले, "पंपावर."

"पंपावर," असे तो म्हणाला. मग समोरच्या काचेकडे बघत बसला. काचेतून काहीही दिसत नव्हते, पांढरे होते. वायपर त्याने मघाच बंद केले होते.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग आपण इथे काय करतोय, रायखान?"

मी उत्तर दिले नाही.

उत्तर काय होते, असे साहेबांनी विचारले. त्याचा या चौकशीशी संबंध नाही, असे मी सांगितले आहे.

त्याने टोपी घातली, कानपट्ट्या खाली ओढून हनुवटीखाली बांधल्या. "नळी बघून येतो," असे म्हणाला. मागच्या खेपेला दहा मिनिटेही झाली नव्हती. तो दार उघडून बाहेर गेला आणि दार लावून घेतले, नीट, बर्फ आत येऊ नये म्हणून खांद्याने दाबून. दोर मागच्या सीटवर होता. मी "दोर" असे म्हटले की नाही, ते मला आठवत नाही. सहा दिवस मी हेच आठवते आहे.

दि. २५ च्या जबाबात "दोराची गाठ सुटली असावी" असे मी लिहून दिले होते. ते चुकीचे आहे. दोर बांधलाच नव्हता. गाठ मी बांधून देत असे, त्यामुळे मला ते माहीत होते.

गाडीच्या मागच्या बाजूला फावडे लागल्याचा आवाज मला ऐकू आला. तीन-चार वेळा. मग थांबला.

मी घड्याळ बघितले नाही. अंदाजे पाच मिनिटांनी भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा दाबून ठेवला, सोडला, दाबून ठेवला. मग दोर मुठीला आणि माझ्या कमरेला बांधून बाहेर गेले. उभे राहता येत नव्हते, गाडीला धरून गुडघ्यांवर मागे गेले. नळी साफ होती. तिच्याभोवती कोपरापर्यंत खोल, अर्धगोल बर्फ काढलेले होते, आधीच्या अकराही वेळांपेक्षा जास्त, जणू पुढच्या दोन-तीन खेपांचे एकदम काढून ठेवावे तसे. फावडे बंपरला टेकवून उभे केलेले होते. पाडलेले नव्हते, उभे केलेले होते.

मी हाका मारल्या. दोर संपेपर्यंत उजवीकडे गेले, मग डावीकडे. दोराला माझी शाल जोडली, त्याने आणखी दोन मीटर मिळाले. त्या दोन मीटरमध्ये तो नव्हता. माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. उजव्या हाताची दोन बोटे तेव्हा गारठून गेली, त्यांची पट्टी साहेबांनी पाहिली आहे. आत येऊन मी पुन्हा भोंगा धरला. ५.४० ला बर्फ काढायचे यंत्र येईपर्यंत भोंगा सोडला नाही, फक्त नळी साफ करायला दोनदा गेले तेवढे. यंत्रावरच्या माणसांनी मला काढले तेव्हा त्यातला एक म्हणाला, "आपा, आता सोडा, बास झालं, आलो आम्ही." दुसऱ्याने विचारले, "गाडी कोण चालवत होतं?"

अमानताय दुसऱ्या दिवशी सकाळी १०.४० ला सापडला, गाडीपासून तीनशे दहा मीटर, रस्त्याच्या खालच्या अंगाला, वारा ज्या दिशेला जातो त्या दिशेला. साहेबांचे म्हणणे असे की वाट चुकलेला माणूस वाऱ्याला पाठ करून चालत राहतो, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. हे त्यांनी मला समजावून सांगितले. मला समजले.

त्याचा भाऊ कोइशिबाय तेमिरगालियेव याने दि. २६ रोजी तक्रार दिली आहे की पैशांच्या वादातून मी त्याला गाडीतून हाकलले. त्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, मी त्याला हाकलले नाही. दार त्याने स्वतः उघडले. पैशांचा वाद तेव्हा मिटला होता, महिना वीस हजारांवर. याला साक्षीदार नाही. कोइशिबाय खोटारडा आहे असे माझे म्हणणे नाही. त्याच्या भावाला ज्या गाडीत बसायची गरज नव्हती तिच्यात मी बसवून ठेवले, हे त्याला माहीत नाही. आज मी ते लिहून देत आहे, त्यामुळे आता त्याला कळेल.

शुक्रवारी दि. २७ रोजी दफन झाले. मला येऊ नको असा निरोप होता. बायका तशाही कबरीपाशी जात नाहीत, पण घरात बसतात. मी माझ्या घरी सात पोळ्या तळल्या, माणूस गेल्यावर तळतात तशा. वाटायला कोणाकडे जावे ते कळेना. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला दिल्या. तिने नाव विचारले, मी सांगितले, तिने त्या नावाने दुआ मागून हात चेहऱ्यावरून फिरवले.

दाव्याचे काय, असे विचारले. कोर्टात शनिवारी फोन लागला. कारकुनाने कागद बघून सांगितले की माणूस गेला म्हणून दावा आपोआप जात नाही, त्याचे देणे वारसाकडे जाते, वारस कोण ते सांगा, तिला नोटीस काढू. मी विचारले, "तिला?" तो म्हणाला, "मुलगी आहे असं दिसतंय इथे." मी दावा मागे घेण्याचा अर्ज आज सकाळी नऊ वाजता, इथे येण्याआधी, कोर्टात दिला आहे. तो डाव्या हाताने भरायलाही मला एक मिनिट लागले. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असे मी विचारले. कारकून म्हणाला, "रिकामा सोडला तरी चालतो."

मेरुयेर्त सध्या काकाकडे आहे. वडिलांच्या सातव्या दिवसापर्यंत तिथे राहणार आहे. दफनानंतर ती मला एकदाच भेटली, जिन्यात. तिने विचारले, "आई, एवढ्या हवेत तुम्ही निघालातच का?" मी म्हटले, "कोर्टाची तारीख होती." तिने मान हलवली. तिला ते पटले. तिने माझी बोटे बघितली, पट्टी सोडून पुन्हा नीट बांधली, नर्स बांधतात तशी, आणि गेली. तेव्हापासून मला झोप नाही. म्हणून आज आले आहे.

माझी एकच विनंती आहे. जबाबाची प्रत कोइशिबायला मिळणारच आहे. त्याच्याआधी माझ्या मुलीला इथे बोलावून हा जबाब तिला वाचून दाखवावा. पूर्ण. पंपावरचे आणि खांबापाशी मी "चल" म्हटले तेही. मला तोंडाने सांगता येत नाही, प्रयत्न करून बघितला. साहेब म्हणाले, असा नियम नाही. मग म्हणाले, बघू.

कोणत्याही दबावाखाली हे सांगितलेले नाही.

वरील जबाब मी सांगितला तसा संगणकावर घेण्यात आला आणि कॅप्टन जुमाशेव यांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना मी एक दुरुस्ती सुचवली. तिसऱ्या पानावर "अमानताय रागावून गाडीबाहेर गेला" असे लिहिले गेले होते. तसे मी सांगितले नव्हते. तो रागावला होता का, ते मला माहीत नाही. त्याने टोपी घातली आणि दार उघडले, एवढेच मी सांगितले होते. "रागावून" हा शब्द काढून तिथे काही न लिहिता जागा तशीच ठेवली आहे. बाकी सर्व बरोबर आहे. उजव्या हाताला पट्टी असल्याने डाव्या हाताने सही करते.

रायखान तेमिरगालियेवा